गोल होईस्तोवर क्लोपोतेत्स उतरणार नाही

जानेवारीत, गुडघाभर बर्फात, सगळ्या वोल्कोवा गावात एकच क्लोपोतेत्स, म्हणजे पाखरं हाकायची लाकडी पवनचक्की, वाजत होता आणि तो रोश्कारांच्या टेकडीवर होता. बाकीचे केव्हाच उतरले होते. ऑगस्टच्या पंधराला द्राक्षमळ्यातल्या उंच खांबावर क्लोपोतेत्स चढवायचा आणि अकरा नोव्हेंबरला, संत मार्टिनच्या दिवसापर्यंत, तो खाली घ्यायचा ही इकडची रीत. वाऱ्याने त्याची चार पाती फिरतात, पात्यांच्या दांड्यावरच्या लाकडी हातोड्या चेरीच्या फळीला बडवत राहतात आणि त्या टकटकीने साळुंक्या पिकल्या द्राक्षांच्या वाटेला जात नाहीत. द्राक्षं उतरली, रसाची वाईन झाली, की पाखरांना खायला काही उरत नाही. मग टकटक कोणासाठी? त्यामुळे जो माणूस मार्टिननंतरही तो काढत नाही, तो एकतर आळशी नाहीतर मेलेला, असं वोल्कोवात समजतात.

तादेय रोश्कार आळशी नव्हता आणि चांगला जिवंत होता. वय अडतीस, गावच्या फुटबॉल संघाचा आघाडीचा खेळाडू. त्याने चारचौघांत शब्द दिला होता, एवढंच.

झालं असं, की मार्टिनच्या संध्याकाळी क्लबच्या खोलीत जेवण होतं. भाजलेला हंस, लाल कोबी, नवी वाईन, सगळं नेहमीचं. मोसमाचा पहिला अर्धा भाग नुकताच संपला होता. तेवीस वर्षं बाहेर काढून तादेय जुलैत गावी परतला होता, अकरा सामने खेळला होता आणि अकरा सामन्यांत त्याचा एकही गोल झाला नव्हता. दोनदा चेंडू खांबाला लागला, एकदा पंचाने ऑफसाइड दिला, उरलेल्या वेळी तो चेंडूपर्यंत पोचलाच नाही. हंस संपत आला तसे क्लबचे अध्यक्ष स्रेच्को कोलारिच उठले. तीस वर्षं तेच अध्यक्ष. सिमेंटच्या विटांचा धंदा, आणि भाषणाची हौस दांडगी.

"मंडळी, आज रसाची वाईन होते. प्रत्येकाची वेळ येते. आपल्या तादेयने सतरा क्लब पाहिले, नऊ देश पाहिले. आता त्याने निवांत बसून आपल्या पोरांचे सामने पाहावेत, म्हणून क्लबकडून ही छोटीशी भेट."

भेट म्हणजे उशी होती. प्रेक्षकांच्या गार बाकावर टाकून बसायची, लाल-पांढरी, आणि स्रेच्कोंच्या बायकोने तिच्यावर तादेयचं नाव सुबक विणलेलं. टाळ्या पडल्या. तादेयने उशी हातात घेतली, उलटीसुलटी करून पाहिली.

"अध्यक्ष, मी खेळणं सोडलं असं तुम्हाला कोण म्हणालं?"

"म्हणायला कशाला पाहिजे? दिसतंय की," स्रेच्को म्हणाले. "वोल्कोवासाठी तुझे गोल किती, सांग बघू सगळ्यांना."

"शून्य."

"मग?"

"मग ऐका. आमचा क्लोपोतेत्स मी अजून उतरवलेला नाही. या मैदानावर माझा गोल होईस्तोवर उतरवणारही नाही."

आधी कोणाला कळलंच नाही. मग सगळी खोली हसली. चीजचा थरांचा केक कापत कोपऱ्यात उभी असलेली त्याची आई, त्रेझिका, तेवढी हसली नाही. तो काय बोलून बसला ते तिला नेमकं कळलं होतं.

तादेयचा बाप विन्को सुतार होता. पोरगं पंधराव्या वर्षी मारिबोरला खेळायला गेलं, त्या साली त्याने हा क्लोपोतेत्स बनवला. तेव्हापासून दर मार्टिनला तो खाली घेताना विन्को कानावरची चपटी पेन्सिल काढायचा आणि चेरीच्या फळीच्या मागच्या बाजूला त्या वर्षीच्या क्लबचं नाव लिहायचा. अट एकच, पोराने तिथे गोल केलेला असला पाहिजे. गोल नाही तर नाव नाही. "नुसता बाकावर बसून आला त्या गावाचं नाव मी लाकडावर कशाला लिहू?" असं तो म्हणायचा. सतरा क्लबांपैकी तेरा फळीवर होते. चार वर्षांपूर्वी ऑक्टोबरच्या शेवटी विन्को गेला तेव्हा तादेय कझाकस्तानात खेळत होता. विमानं बदलत तो गावी पोचला तोवर बापाला पुरून दोन दिवस झाले होते. बस थांब्यावर उतरल्या उतरल्या त्याला टेकडीवरून टकटक ऐकू आली आणि तो तिथेच बॅगेवर बसून रडला. त्या वर्षी क्लोपोतेत्स त्यानेच उतरवला, नावही त्यानेच लिहिलं. मग तीन वर्षं तो गोठ्यात पडून होता. फळीवर तळाशी चार बोटं जागा मोकळी होती. तिथे कुठलं नाव यायचं ते तादेयला ठाऊक होतं, पण हे असं कोणाला सांगत फिरता येत नाही.

तो मारिबोरला निघाला त्या दिवशी हेच स्रेच्को विन्कोला म्हणाले होते, "नाताळपर्यंत पोरगं परत येतं की नाही बघ." पोरगं आलं नाही. मारिबोरहून ते समुद्राकाठच्या गावात गेलं, तिथून हंगेरीत, स्लोव्हाकियात, सायप्रसला, माल्टाला, अल्बानियात, अझरबैजानात. कुठे एक मोसम, कुठे अर्धा. एका क्लबात तर तो शर्टाचा फोटो काढून दुसऱ्या आठवड्यात बाहेर पडला, कारण ज्या प्रशिक्षकाने बोलावलं होतं त्यालाच हाकललं होतं. भाड्याच्या खोलीत गेल्या गेल्या भिंतीला खिळा ठोकायचा नाही, हे तो लवकर शिकला. नऊ भाषांत शिव्या शिकला. सव्विसाव्या वर्षी देशाच्या संघाचंही बोलावणं आलं, एका जायबंदी खेळाडूच्या जागी. तादेय गाडी घेऊन ल्युब्लियानाला निघाला आणि त्रोयानेला पोचतो तो फोन आला, की तो खेळाडू बरा झाला. वाटेत त्रोयानेला थांबणारा माणूस तिथले जर्दाळूचा मुरंबा भरलेले, तळलेले मोठाले गोड पाव, क्रोफ, खाल्ल्याशिवाय पुढे जात नाही. तादेयने सहा घेतले, गाडीच्या टपावर डबा ठेवून तीन तिथेच उभ्याने खाल्ले, उरलेले आईला आणले. जर्दाळूचा मुरंबा त्याला त्या दिवसापासून आवडेनासा झाला.

खरं कसब त्याच्याकडे एकच होतं. स्लोव्हाकियात इम्रिख नावाचा एक म्हातारा गोलरक्षक होता. त्याने एकदा बिअर पिता पिता सांगितलं, "तुमच्यातला कोणी चेंडू मारला की तुम्ही सगळे जत्रेत आल्यासारखे चेंडूकडे बघत उभे राहता. तू बघू नकोस. तू माझ्याकडे धाव. माझ्या हातून कधी सुटेल ते मलाही माहीत नसतं." तेव्हापासून तादेय धावायचा. शंभरातल्या सत्त्याण्णव वेळा गोलरक्षक चेंडू पोटाशी धरायचा आणि तादेय उगाच पुढे जाऊन परत यायचा. उरलेल्या तीन वेळा गोल व्हायचा. असे मिळून त्याने एकशे चौदा गोल केले, एकही टीव्हीवर दाखवण्यासारखा नाही. लोक म्हणायचे, नशीबवान आहे लेकाचा. सत्त्याण्णव वेळा फुकट धावणाऱ्याला नशीबवान म्हणणाऱ्यांचं तोंड कोण धरणार?

तर हिवाळाभर क्लोपोतेत्स वाजत राहिला. नोव्हेंबरात लोकांना मजा वाटली. डिसेंबरात पाववाली म्हणाली, "तादेय, साळुंक्या सगळ्या आफ्रिकेत गेल्यात रे, त्यांना ऐकू जात नाही." जानेवारीत उत्तरेचं वारं सुटलं, पाती गरागरा फिरायला लागली आणि लोकांची मजा संपली. स्रेच्कोंचं घर टेकडीच्या अगदी पायथ्याशी. त्यांची बायको कानात कापूस घालून भाजी निवडायला लागली. पाद्रीबुवांनी प्रवचनात कोणाचंही नाव न घेता हट्टीपणा या दुर्गुणाबद्दल पाव तास घेतला, आणि सगळं देऊळ त्रेझिकाकडे वळून बघत होतं.

आईला लाज वाटायची. ती रोज सकाळी कॉफी पुढे ठेवताना एकच वाक्य बोलायची.

"काढ ते."

"नाही काढणार."

"लोकांना वाटतं आपल्या घरात कोणी उरलंच नाही."

"गोल झाला की काढतो."

"आणि नाही झाला तर?"

यावर तो भोपळ्याच्या बियांचं तेल घातलेली अंडी संपवायचा आणि धावायला निघून जायचा. बर्फ असो, चिखल असो, रोज आठ किलोमीटर. उजवा गुडघा पहिले दोन किलोमीटर कुरकुरायचा, मग गप्प बसायचा. भीती त्याला होतीच. मोसमाचा दुसरा अर्धा भाग म्हणजे अकराच सामने होते, आणि उन्हाळ्यात कोणाची नावं पुढे ठेवायची, कोणाची काढायची, हे स्रेच्कोंच्या हातात होतं. त्या अकरांत गोल झाला नाही तर फळीवरची चार बोटं कायमची कोरी राहणार होती. बाप असता तर त्यानेही तिथे काही लिहिलं नसतं.

वोल्कोवातल्या पोरांची एक जुनी खोड आहे. ज्याचा क्लोपोतेत्स मार्टिननंतर वर राहतो, त्याचा ती चोरतात, गावच्या लिंडनच्या झाडाला टांगतात आणि मालकाने वाईन पाजल्याशिवाय परत देत नाहीत. मार्चच्या पहिल्या रविवारी, सगळं गाव प्रार्थनेला गेलेलं असताना, संघातलीच चार पोरं शिडी घेऊन टेकडीवर चढली. स्रेच्कोंनी त्यांना पाठवलं नव्हतं, पण शिडी त्यांच्याच अंगणातली होती. तादेय धावून परत येत होता. खालच्या वळणावरून त्याला शिडी दिसली आणि तो द्राक्षांच्या ओळींमधून सरळ वर पळत सुटला. अर्ध्या वाटेत त्याला आवाज ऐकू आले आणि तो थांबला.

खांबाखाली त्याची आई बसली होती. जन्मात एक रविवार न चुकवलेली बाई, डोक्याला रुमाल, हातात वेल छाटायची कात्री, आणि बुडाखाली ती लाल-पांढरी उशी.

"काकू, तुम्ही आज देवळात नाही गेलात?" सगळ्यात उंच पोरगा, नेय्त्स, विचारत होता.

"तू कुठे गेलास?"

"आम्ही आपलं... हे उतरवून देतो म्हटलं. तुम्हालाच त्रास होतो ना. तुम्हीच सगळीकडे म्हणता, काढ म्हणून."

"मी म्हणते. मी त्याची आई आहे. तू कोण?"

"काकू, लोक हसतात हो. मेलेल्याच्या घरासारखं वाटतं म्हणतात."

त्रेझिकाने कात्री एकदा उघडली आणि मिटली. "विन्को मेला तेव्हा हा क्लोपोतेत्स आठवडाभर एकटा वाजत होता. तेव्हा शिडी घेऊन कोणी वर आलं नाही. आता या घरातला पुरुष जिवंत आहे, रोज सकाळी माझी चार अंडी खातो आणि तुम्हा चौघांच्या पुढे धावतो. त्याने वर ठेवलाय, तो वर राहील. शिडी घ्या आणि चालू लागा. आणि नेय्त्स, तुझ्या आईला सांग, तू आज कुठे होतास ते मी सांगितलं नाही, पण सांगू शकते."

पोरं खाली गेली. जाताना तादेयच्या शेजारून गेली, पण एकानेही मान वर केली नाही. तादेय वर आला, आईच्या बाजूला ओल्या मातीतच बसला. डोक्यावर टकटक चालू होती.

"काढ ते," आई म्हणाली. "पण गोल करून."

वसंतात सामने सुरू झाले तसा तादेय बाकावर गेला. प्रशिक्षक ब्लाझ शाळेत कवायत शिकवायचा, एकोणतीस वर्षांचा, मनाने वाईट नव्हता, पण अध्यक्षांपुढे त्याची मान वर व्हायची नाही. "पोरांना संधी द्यायला हवी," असं तो बुटांकडे बघत सांगायचा. तादेयला कधी दहा मिनिटं मिळायची, कधी पंधरा. एकदा त्याने डोक्याने चेंडू आत घातला, तर पंचाला कोणीतरी कोणाला ढकललेलं दिसलं. एप्रिल गेला, मे गेला. प्रत्येक सामन्यानंतर लोक टेकडीकडे बघायचे आणि घरी जायचे. घरोघरी पैजा लागल्या होत्या, आणि बहुतेकांच्या त्याच्याविरुद्ध.

शेवटचा सामना जूनमध्ये, घरच्या मैदानावर, शेजारच्या यासेनोवाशी. गुणतक्त्यात कोणी वर चढणार नव्हतं, कोणी खाली घसरणार नव्हतं. पण संध्याकाळी अग्निशमन दलाची जत्रा होती, त्यामुळे सगळं गाव आधीच सॉसेज आणि सोडा घातलेली वाईन हातात घेऊन मैदानाभोवती उभं होतं. पानही हलत नव्हतं. सात महिन्यांत पहिल्यांदाच क्लोपोतेत्स गप्प होता.

"थकला वाटतं शेवटी," स्रेच्को मोठ्याने म्हणाले. आजूबाजूचे हसले.

सत्तराव्या मिनिटाला बरोबरी होती. तादेय अजून बाकावर होता, हात गुडघ्यांवर, डोळे ब्लाझवर. ब्लाझ घड्याळ बघत होता, अध्यक्षांकडे बघत होता, सगळीकडे बघत होता, फक्त बाकाकडे बघत नव्हता.

तेवढ्यात वरून टक असा आवाज आला. मग दुसरा. मग टक, टक, टक. लोक चमकून वर बघायला लागले, कारण वारा कुठेच नव्हता. टेकडीवर खांबाखाली त्रेझिका उभी होती. सफरचंदं उतरवायची लांब आकडी तिने दोन्ही हातांनी धरली होती आणि एकेक पातं ढकलून ती क्लोपोतेत्स फिरवत होती. सत्तरीची बाई. थांबत होती, धापा टाकत होती, परत ढकलत होती. खाली कोणी हसलं नाही.

ब्लाझने एकदा वर पाहिलं, मग पहिल्यांदाच सरळ तादेयकडे पाहिलं. "चल. जा आत."

"अरे ब्लाझ," स्रेच्को कठड्यावरून म्हणाले, "आपलं काय ठरलं होतं?"

"तुम्हीच वर जाऊन त्यांना थांबवा मग," ब्लाझ म्हणाला, आणि बदलीची पाटी वर झाली.

पुढच्या पंधरा मिनिटांत तादेय आठ वेळा गोलरक्षकाकडे धावला. आठही वेळा यासेनोवाच्या गोलरक्षकाने चेंडू छातीशी धरला. सहाव्या वेळी तो म्हणाला, "काका, बसा की जरा." तादेय परत वळला, परत धावला. त्याला आता बाकी काही ऐकू येत नव्हतं, फक्त वरची टकटक ऐकू येत होती आणि तीही मंद होत चालली होती. अठ्ठ्याऐंशीव्या मिनिटाला नेय्त्सने लांबून मारला, चांगला जोरात, आणि नेहमीप्रमाणे सगळे जागच्या जागी उभे राहून चेंडूकडे बघत राहिले. एकटा तादेय बघत नव्हता. तो धावत होता. चेंडू गोलरक्षकाच्या हातावर आला, छातीवरून उसळला आणि हातभर लांब पडला. तादेयने घसरत पाय पुढे घातला. बूट चुकला. चेंडू नडगीला लागला, वेडावाकडा वळला, आणि इतक्या सावकाश रेषेपलीकडे गेला की गोलरक्षकाला दोनदा झडप घालायला वेळ मिळाला आणि तो दोन्ही वेळा चुकला.

तादेय ना ओरडला ना नाचला. चिखलात पडल्या पडल्या त्याने एक हात टेकडीकडे वर केला. वरची आकडी खाली पडली होती आणि त्याची आई उशीवर बसली होती.

सामना संपल्यावर अर्धं गाव त्याच्या मागोमाग टेकडी चढलं, पैजा हरलेलेही. स्रेच्को सगळ्यांच्या पुढे.

"झाला एकदाचा गोल," ते म्हणाले. "नडगीने का होईना. चल, आता शब्द पाळ. उतरव, आणि आमचे कान सोडव."

तादेय बूट घातलेलेच ठेवून शिडी चढला. पाती सोडवली, हातोड्यांचा दांडा सोडवला, आणि फळीला हात घातला तशी ती त्याच्या हातात उभी दुभंगली. सात महिने बर्फात, वाऱ्यात, पावसात मार खाल्लेली चेरी आतून फाटत आली होती. दोन तुकडे घेऊन तो खाली आला. बापाच्या अक्षरातली गावांची नावं मधोमध तुटली होती, अर्धं नाव एका तुकड्यावर, अर्धं दुसऱ्यावर. तळाच्या चार बोटं जागेतूनही चीर गेली होती. त्याने ते तुकडे एकमेकांना लावून पाहिले, पण कडा झिजल्या होत्या, बसेनात.

"जाऊ दे," स्रेच्को म्हणाले, आणि या वेळी त्यांच्या आवाजात खोच नव्हती. "लाकूडसुद्धा कधी ना कधी थकतंच. फळी संपली, तसं आता तूही..."

"थांब, स्रेच्को," त्रेझिका म्हणाली.

ती उठून गोठ्यात गेली. आतून काहीतरी सरकवल्याचा, एक बादली पडल्याचा आवाज आला. ती बाहेर आली तेव्हा तिच्या हातात गोणपाटात गुंडाळलेली फळी होती. गोणपाट सोडलं. आत तांबूस, गुळगुळीत रंधा मारलेली, तेवीस वर्षं सुकलेली चेरी होती, दोन्ही बाजूंनी कोरी.

"तू म्हणाला होतास नाताळपर्यंत परत येईल," ती स्रेच्कोंना म्हणाली. "विन्को त्याच दिवशी झाड कापायला गेला. त्याने दोन फळ्या काढल्या. म्हणाला, पोरगं एका फळीत मावायचं नाही."

तादेयने फळी मांडीवर घेतली. आईने एप्रनच्या खिशातून चपटी पेन्सिल काढून दिली, विन्कोने चावलेलं टोक तसंच होतं. त्याने तळाशी नाही, सगळ्यात वर, पहिल्या ओळीत लिहिलं: वोल्कोवा. मग बाही डोळ्यांवरून फिरवली, फळी काखेत मारली आणि पुन्हा शिडी चढायला लागला.

"अरे, हे काय करतोस?" स्रेच्को म्हणाले. "जूनमध्ये?"

"ऑगस्ट काय लांब आहे," वरून तादेय म्हणाला.

"आणि उतरणार कधी?"

"मार्टिनला. सगळ्यांसारखा. तोवर अकरा सामने आहेत, अध्यक्ष. माझं नाव यादीत लिहून ठेवा."

खालून कोणीतरी हातोडी वर दिली, नेय्त्सने शिडी धरली. तादेयने फळी, दांडा आणि पाती परत बसवली, शेवटचा खिळा ठोकला आणि बाजूला झाला. वारा अजूनही नव्हता. त्रेझिकाने गवतात पडलेली आकडी उचलली.